घरीच काढलंय

बेलापूरचा श्रीमंत गवारे रोज दुपारी दगडांची चित्रं काढायला बसायचा, आणि ती त्याला जमत नव्हती. यातली पहिली गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. दुसरी फक्त त्याच्या बायकोला.

घरचं तसं बरं होतं. पाटाखालची जमीन, ऊस कारखान्याला जायचा, आणि थोरला भाऊ आसाराम शेतीत इतका मुरलेला, की धाकट्यानं दुपारची घटका कागदात घातली तरी कुणाचं काही अडत नव्हतं. शाळेत असताना श्रीमंतच्या डोक्यात ड्रॉइंग मास्तर व्हायचं होतं. नगरला जाऊन परीक्षेला बसला, नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा तेच. तेव्हा वडील म्हणाले होते, "आता नांगराच्या रेघा वढ. त्येला परीक्षा न्हाई." वडील गेले, पण ते वाक्य काही गेलं नाही.

दगडांचा नाद त्याला विहिरींमुळं लागला. त्या वर्षांत जो तो विहीर खोदत होता. सुरुंग लावला की काळ्या खडकात मधूनच एखादी पोकळी उघडी पडायची आणि तिच्या आत खडे चिकटलेले असायचे. काही पाण्यासारखे स्वच्छ, टोकदार; काही तुरटीसारखे, पण हिरवट; क्वचित एखादा जांभळा. विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम भीमा असले खडे पोत्यात घालून श्रीमंतकडं आणून टाकायचा. चहा घ्यायचा, "सोनार इचारत न्हाई असल्याला," असं दर वेळी सांगायचा आणि जायचा. प्रवरेच्या वाळूत सापडलेले रेघारेघांचे अकीकाचे गोटेही श्रीमंतकडं होते. ओसरीवरचे कोनाडे भरले, मग त्यानं सुताराकडून फळ्या ठोकून घेतल्या. गाव त्याला मागं 'दगड्या' म्हणायचं, पण पुढ्यात मान देऊन बोलायचं. ज्याच्याकडं काहीतरी आपल्याला न कळणारं आहे, त्याला गाव असंच वागवतं.

हे खडे पुसायचं काम केशरबाईचं. ती घोडेगावची. तिचा बाप बैलांचा व्यापारी होता आणि घोडेगावच्या बाजारात लहानपणी ती त्याच्याबरोबर हिंडलेली होती. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं नाही. पण लांबून येणाऱ्या बैलाच्या पाठीवर ऊन कसं सरकतं ते बघून तो कुठल्या पायानं अधू आहे हे ती सांगायची, असं तिचा बाप कौतुकानं सांगे. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन ती एकेक खडा पुसायची, उजेडात फिरवायची, जागेवर ठेवायची. कुठला खडा कुठल्या कोनाड्यातला, हे तिला न बघता कळायचं.

सुरुवातीला श्रीमंत तिला चित्र दाखवायचा.

"कसं झालंय?"

ती मनापासून बघायची. "बटाटा वाटतोय."

"अगं, गारगोटी हाय ती!"

"मग गारगोटीवानी काढा की."

दोघंही हसायची. लग्नानंतरची पहिली दोन-चार वर्षं हे हसणं टिकलं. मग श्रीमंतनं विचारणं सोडलं आणि तिनंही बघणं सोडलं. तो मात्र नेमानं बसायचा. श्रीरामपूरहून ड्रॉइंगचे कागद, निरनिराळ्या पेन्सिली, चांगलं खोडरबर आणायचा. आधी खड्याची कड काढायची, ती बरोबर आली की आतले पैलू, मग शेडिंग, हे शाळेत शिकवलेलं तो सोडत नव्हता. कड बरोबर यायची. पैलूही मोजून जागेवर बसायचे. आणि शेडिंग करायला घेतलं की खडा मरायचा. कागदावर राख सांडल्यासारखं दिसायचं. तो कागद तो फाडत नसे. पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावायचा.

बाहत्तर साली पावसानं दगा दिला. पाटाच्या पाळ्या कमी झाल्या, विहिरी तळाला गेल्या, आणि ज्यांना परवडत होतं ते त्या आणखी खोल करायला लागले. गवाऱ्यांचीही विहीर खोल करायला घेतली. पाणी लागलं नाही. पण भीमा एक दिवस दोन माणसांच्या खांद्यावर पोतं देऊन आला आणि ओसरीवर हळूच सोडलं.

"हे बगा. असलं मीबी कवा बगितलं न्हाई."

काळ्या दगडाचा मोठा तुकडा होता. त्याच्या आतल्या खळग्यात पिकल्या पेरूच्या गरासारख्या फिकट गुलाबी रंगाचे पदर पंख्यासारखे उलगडलेले होते, आणि त्या पंख्यांच्या मधोमध हिरवट, काचेसारखे खडे उभे होते. विहिरीला पाणी न लागल्याचं दुःख श्रीमंत त्या दिवशी विसरला. आसाराम विसरला नाही. तो येऊन बघून गेला आणि म्हणाला, "दगडच लागायचं नशिबात हुतं."

त्या दगडानं श्रीमंतला पार जेरीला आणलं. सकाळी काढ, दुपारी काढ. गुलाबी पदर काढला की तो कोबीच्या पानासारखा व्हायचा. हिरवे खडे तर दिसायचेच नाहीत. खोडून खोडून कागदाला लव आली. एकदा त्यानं पेन्सिल भिंतीवर फेकली. केशरबाईनं ती उचलून आणून त्याच्या शेजारी ठेवली आणि आत गेली.

मग एका दुपारी पाटाचं पाणी येणार म्हणून तो शेतावर गेला. पाणी उशिरा आलं आणि थोडंच आलं. चिखलाच्या पायांनी तो घरी परतला, तेव्हा दिवस कलायला आला होता. ओसरीवर त्याच्या चित्राच्या फळीवर एक कागद होता. त्यानंच खोडून खोडून बाजूला ठेवलेला, उलटा केलेला. त्याच्यावर तो दगड होता.

श्रीमंत उभाच राहिला. कड कुठं काढलेलीच नव्हती. सगळ्या खळग्यात पेन्सिल दाबून दाबून काळोख भरला होता, काही ठिकाणी चुलीतला कोळसाही बोटानं फिरवला होता, आणि त्या काळोखात कोरा कागद सोडला होता. तो कोरा कागद म्हणजेच खडे होते. एकेक पदर उजेडात बसला होता. हात लावला तर बोटाला गार लागेल असं वाटत होतं.

"कुणी काढलं हे?"

केशरबाई शेंगा निवडत होती. तिनं वर बघितलं. "मी. उगंच. पाठकोऱ्या कागदावर काढलंय, नवा न्हाई खराब केला."

"तू?"

"त्यो दगड रोज पुसते न्हवं का. म्हटलं बगावं." मग त्याच्या तोंडाकडं बघून ती जरा उमेदीनं म्हणाली, "तुमी खडा काढाया जाता. मला ते न्हाई जमलं. मी आपलं जिथं उजेड न्हाई तेवढं काळं केलं. खडा राहिला त्यो राहिला."

श्रीमंतला काहीतरी बोलायला हवं होतं. 'छान झालंय' एवढे दोन शब्द. ते घशापर्यंत आलेही. पण त्यांच्या आधी पत्र्याच्या पेटीतले सगळे कागद त्याच्या डोळ्यांसमोर आले, आणि नगरच्या परीक्षेचा हॉल, आणि वडील. तो म्हणाला, "पाय धुवायला पाणी दे."

तिनं पाणी दिलं. त्या रात्रीच्या जेवणात तिनं पिठलं केलं होतं, त्याला आवडतं तसं. तो खाली मान घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नेहमीसारखा बसला. पण त्यानं दगड समोर घेतला नाही. तिचा कागद फळीला टाचण्यांनी लावला आणि त्याची नक्कल करायला घेतली. केशरबाईनं आतून ते बघितलं. तिसऱ्या दिवशीही बघितलं. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. आपल्या हातचं काहीतरी नवऱ्यानं पुढ्यात घेतलंय, एवढंच तिला दिसलं. पुसताना ती खडे जरा जास्त वेळ फिरवायला लागली. एक-दोनदा पेन्सिलीचं थोटूक तिनं कनवटीला लावून ठेवलं.

थंडीत एका कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापक गावात आले. दरंदले त्यांचं नाव. मोकळे, हौशी गृहस्थ. विहिरी खोल करताना निघणारे खडे बघत ते गावोगाव हिंडत होते, आणि भीमानंच त्यांना श्रीमंतचं घर दाखवलं. ओसरीवरच्या फळ्या बघून ते हरखून गेले. एकेक खडा उचलायचे, नाव सांगायचे, ठेवायचे. मग त्यांची नजर चित्राच्या फळीला लावलेल्या कागदावर गेली. शेजारी तो दगड होता. श्रीमंतनं आपली अर्धवट नक्कल घाईनं सतरंजीखाली सारली होती.

सर कागदासमोर बसले. बराच वेळ बसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"गवारे, हे तुमचं?"

केशरबाई चहाचे कप घेऊन दारात आली होती. श्रीमंतला ती दिसत होती. सर त्याच्याकडं बघत होते. असं कुणी त्याच्याकडं, त्याच्या कागदावरून नजर उचलून, आजवर बघितलं नव्हतं.

"घरीच काढलंय," श्रीमंत म्हणाला.

"कमाल आहे! किती वर्षांची मेहनत आहे ही. हात असा एका दिवसात बसत नाही."

"मेहनत हाय," श्रीमंत म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

केशरबाईनं चहा ठेवला. सरांनी चहा घेतला, तिच्याकडं बघून "वहिनी, चहा फक्कड झालाय" म्हणाले आणि कॉलेजच्या संमेलनातल्या प्रदर्शनासाठी तो कागद मागून घेतला. वर्तमानपत्राच्या दोन पानांत घालून, सुरळी न करता, सपाट धरून त्यांनी तो नेला.

ते गेल्यावर श्रीमंत ओसरीवर रेंगाळला. मग चुलीपाशी आला.

"तुला राग आला का?"

"कशाचा?"

"मी सांगणारच हुतो त्यांना. पण ते बोलतच सुटले."

केशरबाई भाकरी थापत होती. "घरीच काढलेलं हाय की. तुमी खोटं काय बोललात?"

एवढंच. पण खडे पुसणं थांबलं. श्रीमंतनं एकदा आठवण केली, तर म्हणाली, "घरात पाणी कुटं हाय दगडं धुवायला?" ते कधीच पाण्यानं धुतले जात नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. फळ्यांवर धूळ बसू लागली. कनवटीचं थोटूक तिनं आपल्या लहान मुलीला, बनूला, देऊन टाकलं.

प्रदर्शनात चित्र काचेच्या चौकटीत लागलं. खाली चिठ्ठी होती: श्री. श्रीमंत गवारे, बेलापूर. बघणारे थांबून थांबून बघत होते, असं भीमानं येऊन सांगितलं. तिथल्या एका साप्ताहिकात चार ओळी छापून आल्या, आणि त्या सरपंच आप्पासाहेबांच्या वाचनात आल्या. दुष्काळाच्या साली गावाला आनंदाचं निमित्त नव्हतंच. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की श्रीमंतचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा असं ठरलं.

श्रीमंत अस्वस्थ झाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी कुणाच्या बांधाची वीत कोरली नव्हती, गड्याची मजुरी दाबली नव्हती. एक वाक्य त्याच्या तोंडून निसटलं होतं आणि ते आता शाल पांघरायला निघालं होतं. त्यानं मनाशी ठरवलं: सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. तिला आधी काही बोलायचं नाही. ती ऐकेल, तिला बरं वाटेल, सगळं पहिल्यासारखं होईल. आदल्या दिवशी त्यानं तिला सांगितलं, "उद्या नवं लुगडं नेस. कार्यक्रमाला ये."

ती आली. शाळेच्या पटांगणात बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यांच्यात मागं बसली. दरंदले सरही आले होते. शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या, आणि आप्पासाहेब म्हणाले, "आता श्रीमंतराव दोन शब्द बोलतील."

श्रीमंत उभा राहिला. नारळ हातातच होता.

"मंडळी, हे चितर मी काढलेलं न्हाई. माझ्या बायकूनं, केशरनं काढलंय. मला तसं काढता येत न्हाई."

मग कुणीतरी हसलं, आणि सगळं पटांगण हसलं. टाळ्याही वाजल्या, आधीपेक्षा जास्त.

"बगा, ह्येला म्हणत्यात नवरा!" आप्पासाहेब म्हणाले. "उद्या म्हणशील ऊसबी तिनंच लावला."

ऊस खरं तर तिनंच लावला होता. तिनं आणि तिच्या जावेनं, वाकून वाकून. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"मी खरं सांगतोय," श्रीमंतचा आवाज चढला. "सर, तुमी तरी ऐका. तिनंच काढलंय."

दरंदले सर समजूतदारपणे हसले. "मोठ्या कलावंताचा विनय आहे हा. वहिनींची साथ नसती तर हे झालं नसतं, असं त्यांना म्हणायचंय."

"साथ न्हाई! हातच तिचा हाय!" श्रीमंत बायकांच्या बाजूला वळला. "केशर, ऊठ. कागद आणा रं कुणीतरी. ती आत्ता काढून दावंल."

सगळी पुरुष मंडळी मागं वळून बघायला लागली. बायका सरकल्या आणि केशरबाई एकटी उघडी पडल्यासारखी झाली. हसू तसंच चालू होतं. वाईट हसू नव्हतं, कौतुकाचंच होतं. मास्तरांच्या टेबलावरचा एक कागद हातोहात तिच्यापर्यंत आला.

तिनं तो घेतला नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढून ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला कुटलं येतंय असलं? मी आपली भाकरी थापनारी बाई."

पुन्हा टाळ्या. आप्पासाहेबांनी श्रीमंतच्या पाठीवर थाप मारली. कार्यक्रम संपला, पोरांना गूळ वाटला.

घरी येईपर्यंत श्रीमंत तिच्या पुढं दहा पावलं चालत होता. दार लोटल्या लोटल्या तो वळला.

"असं का केलंस? मी सगळ्या गावासमोर खरं बोललो. तूच मला खोटं पाडलंस."

केशरबाईनं नवं लुगडं सोडायला घेतलं होतं. ती थांबली.

"आमच्या घोडेगावच्या बाजारात गिऱ्हाईक आलं की जनावराचं तोंड उघडून दात बघतं," ती म्हणाली. "तसं मला उभं केलंत. दावा दात, मग पटंल."

"मला तुझं नाव करायचं हुतं."

"त्या दिशी मी दारात उभी हुते. त्यो मास्तर एकटा हुता, हसनारं कुनी न्हवतं. 'हिनं काढलंय', येवढं तुमी म्हनला असता तर त्यानं माझ्याकडं बगितलं असतं. कसं काढलं इचारलं असतं. मला त्ये सांगायचं हुतं." तिनं सोडलेला पदर पुन्हा खोचला. "आज तुमी काय केलंत? तुमचं वझं हलकं केलंत. माझं काय झालं? गावानं हसून घेतलं. आता मी खरंच काढलं तरी लोक म्हनतील, नवऱ्यानं काढून दिलंय."

श्रीमंतला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "तू एकदा काढून दाव की सरांना. मी घेऊन जातो तुला."

"न्हाई," केशरबाई म्हणाली. "आता बोटाला येत न्हाई."

ते खरं होतं की रागानं म्हणाली, हे श्रीमंतला कधीच कळलं नाही. त्यानं श्रीरामपूरहून नवे कागद आणले, दोन पेन्सिली आणल्या आणि तिच्या मांडणीवर ठेवले. तिनं ते कागद डब्यांच्या तळाशी घातले. पापडांना चांगले, तेल शोषून घेतात.

गावात मात्र त्याचं नाव वाढतच गेलं. देवळाच्या भिंतीवर चित्र काढून द्या म्हणून माणसं आली. त्यानं डोळे बिघडल्याचं सांगितलं. शाळेनं पोरांना शिकवायला बोलावलं, तर शेतीचं निमित्त केलं. पहिल्यांदा लोक हळहळले, मग म्हणायला लागले की दगड्याला भाव चढलाय. जो माणूस आयुष्यभर चार लोकांनी आपल्याला चित्रकार म्हणावं म्हणून झुरला, तो आता तो शब्द ऐकला की रस्ता बदलायचा. आसारामला काही समजत नव्हतं, पण भाऊ दुपारीही शेतावर येतोय म्हणून तो खूश होता.

उन्हाळ्यात श्रीमंतनं सगळे खडे कॉलेजला देऊन टाकले. दरंदले सर जीप घेऊन आले. केशरबाईनं एकेक खडा जुन्या कापडात गुंडाळला, भुसा घालून पेट्या भरल्या. तो गुलाबी पंख्यांचा दगड तिच्या हातात आला, तेव्हा श्रीमंत बघत होता. तिनं तो बाकीच्यांसारखाच गुंडाळला, जरा घट्ट. सर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला करमणार नाही आता." ती म्हणाली, "झाडायला सोपं झालं." सर हसले. त्यांना ती फार विनोदी बाई वाटली.

रिकाम्या फळ्यांवर पुढं कांदे-लसूण ठेवायला लागले.

त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर बनू तिसरीत गेली. एका संध्याकाळी ती पाटीवर गाय काढत बसली होती. गाय काही उभी राहीना. पाय काढले की पोट लोंबायचं, पोट पुसलं की पाय जायचे. रडकुंडीला येऊन तिनं पाटी आईपुढं धरली.

"आई, काढून दे ना."

केशरबाई दिवा पुसत होती. तिनं पाटीकडं बघितलं. बैलबाजारात वाढलेल्या बाईला ती गाय कुठं चुकली आहे हे दिसलं नसेल असं नाही. ओसरीवर श्रीमंत कान देऊन बसला होता.

"बापाकडं जा," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता; मीठ कुठल्या डब्यात आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं. "आपल्या घरात चितरं ते काढत्यात."

मुलगी पाटी घेऊन ओसरीवर आली. श्रीमंतनं पेन्सिल हातात घेतली, आणि आधी कड काढायला सुरुवात केली.